स्वादुपिंडाचा कॅन्सर आणि स्कॅन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्ट हातात पडला की घरचे लोक तो तिथेच बाकावर बसून वाचतात, मोबाइलवर फोटो काढून ओळखीच्या डॉक्टरांना पाठवतात, आणि मग प्रश्न सुरू होतात. मी रेडिओलॉजिस्ट आहे. सोनोग्राफी, सीटी, एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम. स्वादुपिंडाच्या गाठीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर प्रश्न ५ आधी वाचा, आणि पेशंटला कावीळ असेल तर थेट प्रश्न ७. उपचार काय करायचे हे अर्थातच पेशंटला तपासणारे डॉक्टर ठरवतील.

१. स्वादुपिंड असतं तरी कुठे? एवढा मोठा आजार होईपर्यंत कळत कसं नाही?

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवं पडलेलं असतं. लांबी साधारण १५ सेंटीमीटर. त्याचं डोकं उजवीकडे, लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं. शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेली. इतक्या आत असल्यामुळे पोट दाबून बघताना ते हाताला लागत नाही. यकृतातून येणारी पित्तनलिका डोक्यातून जाते, म्हणून डोक्यातली गाठ लहान असतानाही नलिका दाबून कावीळ करते. शेपटीतली गाठ मात्र गुपचूप वाढते आणि पाठ दुखायला लागेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. खाली जिथे वेगळं सांगितलेलं नाही, तिथे ‘कॅन्सर’ म्हणजे सर्वांत जास्त आढळणारा ॲडिनोकार्सिनोमा समजावा. दुसरा एक प्रकार प्रश्न १४ मध्ये आहे.

२. सोनोग्राफी नॉर्मल आली. म्हणजे सुटलो ना?

रिपोर्ट पुन्हा वाचा. ‘आतड्यातल्या गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ बहुतेक वेळा त्यात असते आणि घरचे लोक नेमकी तीच सोडून देतात. दिसलं नाही म्हणजे नॉर्मल आहे असं नव्हे. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेतून पलीकडे जात नाहीत, आणि स्वादुपिंडाच्या पुढ्यात जठर नि आतडं हवेने भरलेलं असतं. शेपूट तर कित्येकदा दिसतच नाही. वजन उतरतंय, पाठीत दुखतंय, पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघालाय, यातलं काही जोडीला असेल तर ‘नॉर्मल’ सोनोग्राफीवर थांबू नका, डॉक्टरांना सीटीबद्दल विचारा.

३. कावीळ आहे, पण दुखत काहीच नाही. गावाकडचं औषध चालू आहे. सोनोग्राफीची घाई आहे का?

आहे. डोक्यावर काविळीची माळ घालून आलेले पेशंट मी आजही पाहते. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते, अशी समजूत. काही काविळी आपोआप उतरतात, म्हणून श्रेय माळेला मिळतं. पण पित्तनलिका दाबली गेल्याने झालेली कावीळ वाट बघून उतरत नाही. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग मातीसारखा फिका आणि अंगाला खाज, अशी लक्षणं असतील तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा. नलिका फुगली आहे का आणि अडथळा साधारण कोणत्या पातळीवर आहे, हे ती चांगलं सांगते. इथे सोनोग्राफीला नावं ठेवायला जागा नाही.

४. पोटाचा सीटी मागच्याच आठवड्यात झाला. आता ‘पॅन्क्रियाज प्रोटोकॉल’ने पुन्हा करा म्हणतात. पैसे उकळतात का?

बहुतेक वेळा नाही. साध्या पोटाच्या सीटीत डाय, म्हणजे शिरेतून सोडायचं आणि स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध, दिल्यावर साधारण ७० सेकंदांनी एकच फेरी घेतात. यकृतासाठी ती योग्य असते, पण तोवर गाठ आणि भोवतालचं स्वादुपिंड यांच्या रंगातला फरक पुसट होऊ लागतो. स्वादुपिंडासाठी डाय वेगाने, सेकंदाला ४-५ मिली असा सोडतात आणि ४० ते ५० सेकंदांच्या दरम्यान पहिली फेरी घेतात. त्या क्षणी निरोगी स्वादुपिंड उजळलेलं असतं आणि गाठेला रक्तपुरवठा कमी असल्याने ती काळपट उठून दिसते. मग ७० सेकंदांच्या आसपास दुसरी फेरी, यकृत आणि त्याकडे रक्त नेणारी पोर्टल व्हेन ही शीर पाहण्यासाठी. काप ३ मिलिमीटरचे किंवा त्याहून पातळ लागतात.

आधी पांढरं औषध पाजत नाहीत, साधं पाणी देतात. आमच्याकडची मुलगी टेबलावर घेण्याआधी पेशंटच्या हातात पाण्याची बाटली ठेवते आणि ‘संपवा, मग आत या’ म्हणते. उपाशी यायला सांगून पाणी कसलं पाजता, असं काका लोक तिला हमखास विचारतात. पाण्याने जठर आणि आतड्याचं वळण फुगतं आणि गाठेची कड स्पष्ट दिसते. पांढऱ्या औषधाने तीच कड झाकली जाते.

५. गाठ फक्त अडीच सेंटीमीटरची आहे, तरी ऑपरेशन होणार नाही म्हणतात. असं कसं?

या आजारात गाठ केवढी यापेक्षा ती कुणाला चिकटली आहे हे जास्त महत्त्वाचं. स्वादुपिंडाला लागूनच आतड्याला रक्त नेणारी मोठी धमनी जाते, डॉक्टर तिला एसएमए म्हणतात. तिच्या शेजारी एसएमव्ही ही शीर, जी पुढे पोर्टल व्हेन होऊन यकृतात जाते. यकृताकडे जाणारी धमनीही तिथेच. रिपोर्ट करताना मी प्रत्येक रक्तवाहिनीचा आडवा छेद घड्याळाच्या तबकडीसारखा पाहते आणि गाठ तिच्या घेराला किती अंश टेकली आहे ते लिहिते.

ढोबळ हिशेब असा. धमन्यांना स्पर्शच नाही, आणि शिरेला असला तरी १८० अंशांपर्यंत आणि शिरेचा आकार न बिघडवता, तर गाठ काढण्याजोगी. एसएमएला अर्ध्या घेरापर्यंत, म्हणजे १८० अंशांपर्यंत टेकली असेल तर ‘बॉर्डरलाइन’. तिथे बहुधा आधी केमो देऊन पुन्हा बघतात. एसएमएला १८० अंशांहून जास्त वेढा असेल तर ‘लोकली ॲडव्हान्स्ड’, म्हणजे पसरलेली नसली तरी थेट काढण्याजोगी नाही. कॅन्सर यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर (पोटाच्या आतल्या अस्तरावर) पसरला असेल तर गाठ कितीही छोटी असो, ती काढून उपयोग होत नाही. निदान होतानाच ऑपरेशनच्या टप्प्यात असलेले पेशंट साधारण १५ ते २० टक्केच असतात. शिरेचा तुकडा सर्जन कापून पुन्हा जोडू शकतात. धमनीच्या बाबतीत तो खेळ फार अवघड. म्हणून नियम धमनीला कडक आणि शिरेला जरा सैल.

६. रिपोर्ट दिला, फिल्म दिल्या. सर्जन तरी सीडी का मागतात?

फिल्मवर आम्ही निवडक चित्रं छापतो. खरा सीटी म्हणजे शेकडो काप, आणि सर्जनला ते वर-खाली सरकवून, आडवे-उभे फिरवून पाहायचे असतात. एक उदाहरण पुरेल. यकृताची उजवी धमनी काही लोकांत, दहातल्या एकाहून थोड्या जास्त, नेहमीच्या जागेऐवजी एसएमएतून फुटते आणि स्वादुपिंडाच्या डोक्यामागून वर जाते. व्हिपल ऑपरेशनमध्ये डोकं काढताना ती नकळत कापली गेली तर यकृताचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. ती आहे हे आधीच ठाऊक असेल तर सर्जन तिच्या बाजूने वाट काढतात. फिल्मच्या लखोट्यात ती धमनी सापडेलच असं नाही.

७. कावीळ वाढतेय. आधी स्टेंट टाकायचा की आधी सीटी?

ताप, थंडी नसेल तर आधी सीटी. संपूर्ण पानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

साठीतले एक शिक्षक आमच्याकडे आले होते. डोळे पिवळे दिसले आणि दुसऱ्याच दिवशी एका ठिकाणी ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकला गेला. कावीळ उतरू लागली, घरचे खूश. पाचव्या दिवशी सीटीला आले तेव्हा चित्रात स्टेंटभोवती रेघा होत्या आणि ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला आलेली सूज पोर्टल व्हेनच्या कडेपर्यंत पोचली होती. ती गाठ आहे की सूज, हे मी तासभर बघूनही सांगू शकले नाही. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं. सूज उतरेपर्यंत तीन आठवडे थांबून सीटी पुन्हा करावा लागला. स्टेंटच्या आदल्या दिवशी हाच सीटी दहा मिनिटांत झाला असता.

दुसरा मुद्दा असा की ऑपरेशन लवकर होणार असेल तर स्टेंट प्रत्येकाला लागतोच असं नाही. नेदरलँड्समधला २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी नेहमी सांगतात. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं प्रमाण, साधारण १४-१५ पर्यंत असलेल्या पेशंटमध्ये थेट ऑपरेशन केलेल्यांना गंभीर गुंतागुंत ३९ टक्के, आणि आधी स्टेंट टाकलेल्यांना ७४ टक्के. त्यात प्लॅस्टिकचे स्टेंट होते, आता धातूचे जास्त वापरतात, म्हणून आकडा जसाच्या तसा लावू नये. पण ‘कावीळ दिसली की स्टेंट’ हे गणित चुकीचं आहे हे त्यातून नक्की कळलं.

अपवाद आहेत. पित्तनलिकेत संसर्ग होऊन ताप-थंडी आली असेल, बिलिरुबिन फारच चढलं असेल, खाजेने झोप उडाली असेल किंवा आधी केमो द्यायची असेल, तर स्टेंट हवाच. ताप-थंडी असेल तर सीटीसाठी ताटकळू नका, ती तातडीची बाब आहे.

८. एमआरआय जास्त महाग, म्हणजे जास्त चांगला का?

या बाबतीत नाही. रक्तवाहिन्या पाहायला सीटी पुढे आहे. एमआरआय दोन ठिकाणी कामाला येतो: यकृतातले बारीक ठिपके कॅन्सरचे आहेत की साधे, हे ठरवायला, आणि सीटीत न दिसणाऱ्या गाठी किंवा सिस्ट (द्रवाने भरलेल्या पिशव्या) पाहायला. त्यातलाच एमआरसीपी हा भाग पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका डाय न देता दाखवतो. एमआरसीपी आणि ईआरसीपी यांची नावं सारखी वाटतात, पण पहिल्यात फक्त चित्र निघतं, दुसऱ्यात दुर्बीण आत जाते.

९. थेट पेट स्कॅन करून टाकू का? त्यात सगळं दिसतं म्हणे.

पेट स्कॅन साखरेसारखं औषध कुठे जास्त खेचलं जातं ते दाखवतो. सूज आलेलं स्वादुपिंडही ते खेचतं, म्हणून फसगत होते. रक्तातली साखर चढलेली असेल तर उलट गाठ फिकी दिसते, आणि या पेशंटमध्ये मधुमेह नेहमीचाच. सीटीने आजार एकाच जागी आहे असं दाखवल्यावर, मोठ्या ऑपरेशनआधी लांबचा पसारा शोधायला तो उपयोगी पडतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही त्याला तीच जागा आहे. प्रश्न ४ मधल्या सीटीची जागा तो घेत नाही.

१०. सुई लावली की कॅन्सर पसरतो. मग बायोप्सी का करायची?

केमो किंवा रेडिएशन सुरू करण्याआधी कॅन्सर असल्याचा पुरावा लागतोच. तो बहुतेक वेळा ईयूएसने घेतात. यात एंडोस्कोपीच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो, तो जठरात गेला की स्वादुपिंड अगदी भिंतीपलीकडे येतं आणि गॅसची अडचण उरत नाही. दोन सेंटीमीटरहून लहान गाठी शोधायला ही तपासणी फार चांगली. सुईने पेशी सांडण्याचा धोका या मार्गाने अगदी कमी आहे. डोक्यातल्या गाठीसाठी सुई ज्या आतड्यातून जाते, ते आतडं ऑपरेशनमध्ये बहुधा निघूनच जातं.

उलट, सीटीत चित्र स्पष्ट असेल, गाठ काढण्याजोगी असेल आणि सर्जन थेट ऑपरेशन करणार असतील, तर बायोप्सी न करताही पुढे जातात. बायोप्सी ‘निगेटिव्ह’ आली तर सुई गाठेत नीट न लागल्याचीही शक्यता असते. स्कॅन संशयास्पद असेल तर ती पुन्हा करावी लागते.

११. सीटीत गाठ दिसत नाही, पण ‘दोन्ही नलिका फुगल्या आहेत’ असं लिहिलंय. काय समजायचं?

हलक्यात घेऊ नका. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका एकाच ठिकाणी अचानक तुटल्यासारख्या दिसत असतील, तर तिथे काहीतरी दाबतंय. साधारण दहातली एक गाठ सीटीत भोवतालच्या स्वादुपिंडाच्या रंगाचीच असते आणि नजरेतून सुटते. आम्ही तेव्हा आडून खुणा शोधतो: नलिका कुठे संपते, तिच्यामागचं स्वादुपिंड सुकलंय का, कड फुगीर आहे का. अशा वेळी पुढची पायरी एमआरआय किंवा ईयूएस. ‘सहा महिन्यांनी पाहू’ म्हणणं इथे बरोबर नाही.

१२. गाठ दिसते, पण कॅन्सर नाही, असंही होतं का?

होतं, आणि हे निदान हातातून निसटलं तर पेशंटचं उगाच मोठं ऑपरेशन होतं. ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिसमध्ये, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे येणाऱ्या सुजेत, स्वादुपिंड सॉसेजसारखं गुळगुळीत फुगतं, कडेला पातळ पट्टा दिसतो, रक्तात आयजीजी-४ हे प्रथिन वाढलेलं असू शकतं, आणि स्टेरॉइडने ते ओसरतं. जुनाट पॅन्क्रियाटायटिसमध्येही डोक्यात गाठीसारखा भाग तयार होतो. त्यात खडे असतात, पण अशा पेशंटना कॅन्सरचा धोकाही जास्त, त्यामुळे गुंता वाढतो. आपल्याकडे आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते: क्षयरोग. स्वादुपिंडाशेजारच्या लसीका ग्रंथींमधला टीबी हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो. चित्र जरा जरी वेगळं वाटलं, पेशंट तरुण असेल किंवा ताप असेल, तर प्रश्न १० मधली बायोप्सी करूनच पुढे जावं.

१३. दुसऱ्याच कारणाने केलेल्या स्कॅनमध्ये सिस्ट निघाली. झोप उडाली आहे.

वयानुसार अशा सिस्ट सर्रास सापडतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. आयपीएमएन, म्हणजे स्वादुपिंडाच्या नलिकांमधून उगवणाऱ्या सिस्ट, या प्रकारावर नजर ठेवावी लागते. मुख्य नलिका १० मिलिमीटर किंवा जास्त रुंद, सिस्टमध्ये डाय घेणारी ५ मिलिमीटर किंवा मोठी गाठ, किंवा सिस्टमुळे कावीळ, यातलं काही असेल तर सर्जनना भेटा. नसेल तर ठरावीक अंतराने एमआरआय. दर महिन्याला स्कॅन करून काही वेगळं कळत नाही.

१४. रिपोर्टमध्ये ‘न्यूरोएंडोक्राइन’ आहे. तोच कॅन्सर का?

नाही. याची वाढ बहुधा सावकाश होते. सीटीत ही गाठ काळपट न दिसता पहिल्याच फेरीत चमकते. यासाठी वेगळा पेट स्कॅन असतो, गॅलियम-६८ डोटाटेट नावाचा. स्टीव्ह जॉब्ज यांना झालेला आजार याच जातीचा होता, म्हणून २००३ मधल्या निदानानंतर ते २०११ पर्यंत जगले. त्यांच्या कहाणीवरून ॲडिनोकार्सिनोमाचे अंदाज बांधू नका.

१५. चार महिने केमो झाली आणि सीटीत गाठ जवळपास तेवढीच. केमो वाया गेली का?

तेवढ्यावरून असं म्हणता येत नाही. या गाठेत मुळातच तंतूंचा भरणा खूप असतो. केमोने पेशी मेल्या तरी तो चिवट सांगाडा जागेवरच राहतो, आणि सीटीला मेलेला सांगाडा व जिवंत गाठ यातला फरक नीट कळत नाही. धमनीभोवतीचा धूसर पट्टा केमोनंतरही राहतो, पण ऑपरेशनमध्ये त्यात नुसता व्रण सापडल्याची उदाहरणं आहेत. म्हणून केमोनंतर माझ्या रिपोर्टमधल्या अंशांना सर्जन पूर्वीइतकं वजन देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. नवीन ठिकाणी काही उगवलं नाही, सीए १९-९ (रक्तातली या कॅन्सरची खूण) उतरलंय, पेशंटचं वजन सावरलंय, असं असेल तर काही केंद्रांत पोट उघडून पाहायचा निर्णय घेतात.

सीए १९-९ बद्दल दोन शब्द: काविळीत ते कॅन्सर नसतानाही वाढतं, म्हणून कावीळ उतरल्यावर पुन्हा मोजावं. आणि काही लोकांच्या शरीरात ते तयारच होत नाही, त्यांच्यात ‘नॉर्मल’ला अर्थ नाही.

१६. सीटी स्वच्छ होता, ऑपरेशन टेबलावर पसरलेला निघाला. रिपोर्ट चुकला का?

चुकलेला असूही शकतो, नाही म्हणणार नाही. पण पोटाच्या पडद्यावरचे दोन-तीन मिलिमीटरचे दाणे आणि यकृताच्या पृष्ठभागावरचे ठिपके कोणत्याच स्कॅनला भरवशाने दिसत नाहीत. म्हणून संशय असेल तर सर्जन आधी दुर्बिणीने पोटात डोकावतात. दुसरं कारण म्हणजे शिळा सीटी. ऑपरेशनआधीचा सीटी चार आठवड्यांच्या आतला असावा.

१७. ऑपरेशन शक्य नाही. मग आता स्कॅनचा काय उपयोग?

उपचार नेमक्या जागी पोचवायला. रेडिएशन देताना गाठ श्वासाबरोबर वर-खाली हलते, म्हणून श्वासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर सीटी घेऊन तिची हालचाल मोजतात. कधी ईयूएसने गाठेत धातूचे बारीक कण ठेवतात, खुणेसाठी. आणि पाठीतली असह्य कळ थांबवायला सीलियाक प्लेक्सस या मज्जातंतूंच्या जाळ्यात सीटी किंवा ईयूएसच्या मदतीने औषध सोडता येतं. मॉर्फिनचे डोस वाढत चाललेत तरी हे कुणी सुचवलं नसेल, तर तुम्ही स्वतः विचारा.

१८. डायने किडनी जाते म्हणतात. बाबांना मधुमेह आहे, आणि कोळंबीची ॲलर्जीही.

क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट आणा. किडनी बरी असेल तर धोका फार कमी. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर आधी सांगा. ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर ते थांबवतात आणि ४८ तासांनी किडनी पुन्हा तपासून सुरू करतात. कोळंबीचा आणि डायचा संबंध नाही. पूर्वी डायचीच रिॲक्शन आली असेल तर मात्र आवर्जून सांगा. डाय जाताना अंग गरम होतं, घशाला कढ येतो, लघवी झाल्यासारखी वाटते. झालेली नसते.

१९. वडील या आजाराने गेले. मी दरवर्षी सीटी करू का?

२०१९ च्या मार्चमध्ये मनोहर पर्रीकर गेले, त्यानंतर हा प्रश्न मला बरेच दिवस येत होता. सरसकट निरोगी लोकांची तपासणी करू नये, असंच अमेरिकेच्या तज्ज्ञमंडळाने त्याच वर्षी पुन्हा सांगितलं. आजार विरळा आणि फसव्या गाठी जास्त. घरात दोन किंवा अधिक जवळच्या नातेवाइकांना झाला असेल, किंवा बीआरसीए-२ सारखा जनुकीय दोष सापडला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथेही सीटी नको. एमआरआय किंवा ईयूएस, तेही बहुधा पन्नाशीपासून किंवा घरातल्या सर्वांत तरुण पेशंटच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून. सुरुवात जेनेटिक कौन्सेलिंगने करा.

२०. दुसऱ्या मतासाठी मुंबईला निघालोय. काय काय न्यावं?

सगळ्या स्कॅनच्या सीडी, जुन्यासुद्धा. तुलनेला जुना सीटी सोन्याच्या मोलाचा. स्टेंट टाकला असेल तर तारीख आणि तो प्लॅस्टिकचा की धातूचा. बायोप्सी झाली असेल तर कागदाबरोबर स्लाइड आणि ब्लॉकही, लॅब मागितल्यावर देते. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि सीए १९-९ तारखांसह एका कागदावर. आणि सीडी घेतलीत की सेंटरच्याच कॉम्प्युटरवर ती उघडते का ते बघून मगच बाहेर पडा. रिकामी सीडी घेऊन रात्रभराचा एसटी प्रवास करून आलेले लोक मी पाहिले आहेत.